वाळूतली मापं

इझिदोर म्हणाला, गोकुळदास मेस्ता,
नाताळाच्या आत चाळीस खुर्च्या हव्यात,
घडीच्या, उन्हात निजायच्या.
मी म्हटलं, उन्हात?
आमच्या मांद्र्यात उन्हात निजतात
ते बांगडे, सोलं आणि खोबऱ्याच्या वाट्या.
तो हसला. विसार ठेवून गेला
रंध्याखाली, वाऱ्याने उडू नये म्हणून.

दारं केलीत, पाळणे केलेत,
इगर्जीसाठी शवपेट्याही केल्या.
शवपेटीचं माप सोपं:
निजणारा कूस बदलत नाही.

किनाऱ्यावर गेलो. पण उघड्या माणसाकडे
किती वेळ बघायचं?
मान वळवून उभा राहिलो,
होडीची वाट बघतोय असा.
मग एक बाई उठून पाण्यात गेली
आणि माप आपोआप मिळालं:
वाळूत तिचा साचा.
टाचांचे दोन खळगे, पोटऱ्यांखाली नुसती हवा,
कमरेची खोल वाटी, मग उंचवटा,
खांदे,
आणि डोक्याच्या वाडग्यात एक विसरलेला चाप.
घडीची पिवळी पट्टी उलगडली.
कंबर ते गुडघा लिहून होतंय
तोवर लाट आली, गुडघ्यापासून पुढचं घेऊन गेली.

त्या आठवड्यात बावीस माणसं मोजली
एकाचंही तोंड न बघता.
पालथे निजणारे नाकासाठी खड्डा उकरतात,
हे मला साठाव्या वर्षी कळलं.
तर डोक्याकडे कापडात वीतभर फट ठेवली.
इझिदोर म्हणाला, ही खिडकी कशाला?
म्हटलं, नाकाला अंगण नको?

पहिल्या खुर्चीने माझंच बोट चावलं.
दुसरी कुर्लीसारखी
बसता बसता वाळूत शिरली.
तिसरीच्या पायांना खालून आडवी फळी दिली,
होडी ओढताना घालतात ना, त्या उंड्यासारखी.
बिजागरी नाहीच. लोखंड खारं वारं खातं,
आणि पितळ इझिदोर देणार नाही.
लाकडातच लाकूड, खुंटी आणि खाच.
पाठीला पाच खाचा;
पाचव्या खाचेत आभाळाशिवाय काही दिसत नाही.
मी तिथे थोडा वेळ पडून पाहिलं.
चाळीस वर्षं वाकलेली पाठ
कडकड करत एकेक मणका सोडत गेली,
आणि उठताना मला
शेजारच्या पोराचा हात मागावा लागला.

मग सत्यवतीला म्हटलं, तूही नीज जरा,
वाळूतच, मापापुरती.
म्हणाली, तिन्हीसांजेला निजायला
मी काय तान्हं पोर?
तरी इकडे बघितलं, तिकडे बघितलं,
पदर घट्ट ओढून आडवी झाली.
वर आभाळ तांबडं होतं, ती म्हणाली, झालं का?
मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, झालं का?

उठली तेव्हा वाकून पाहिलं.
टाचा खोल रुतलेल्या, उठायच्या तयारीत.
एक खांदा दुसऱ्याहून खाली, पाटीचा.
आणि डोक्याच्या जागी
वाळू सपाट, खेकड्याच्या गोळ्यांसकट तशीच.
सगळा वेळ तिने मान
अधांतरी धरली होती.

इझिदोरने चाळीस मोजून घेतल्या,
दोन कुरकुरतात म्हणून पैसे कापले.
एक्केचाळीसावी अंगणात आहे.
तिला मानेखाली काथ्याची उशी,
उजवी बाजू अर्धा इंच खाली,
आणि एक सहावी खाच, तिच्यासाठी घातलेली,
बरोबर पडली की नाही ते माहीत नाही.
सत्यवती म्हणाली, बरं झालं, मांजर पोचत नाही,
आणि तिच्यावर बांगडे वाळत घातले.
तासातासाने त्यांना कूस देते.

काल जेवून उठलो तर
बांगडे सगळे पायाकडे सरकवलेले.
डोक्याकडच्या कापडाला
नसलेला एक झोळ,
त्यात अबोलीचं एक फूल, चुरगळलेलं.
आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता.
पट्टी खिशात होती.
मी ती काढली नाही.